शालिनीकाकूंचं परीक्षण

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या घरी दर रविवारी टीव्ही कसा बघावा याचा क्लास भरतो, हे सांगितलं की लोक आधी हसतात. पण त्या क्लासचे एवढे किस्से साठलेत की कुठून सुरू करू कळत नाही. शिकवते ऋचा, नागपूरची मुलगी, इथे टीव्हीवरच पीएचडी करते. विद्यार्थी तीन: मी, रिटायर्ड सर्जन जोगळेकर काका आणि त्यांच्या मिसेस, शालिनीकाकू. काकूंना हल्ली विसरायला होतं. काकांना त्याची भयंकर धास्ती, पण टेस्टचं नाव काढलं की विषय बदलतात. "डोकं चालू ठेवलं की झालं," म्हणतात. म्हणून हा क्लास.

*

पहिला धडा: गोष्ट सांगू नका, काय दिसतं ते लिहा. काकांनी हॉस्पिटलच्या मालिकेवर पानंच्या पानं लिहून आणली. सगळी ऑपरेशनमधल्या चुकांवर!

ऋचा म्हणाली, "काका, हे परीक्षण नाही, कम्प्लेंट आहे."

*

एकदा होमवर्क होता, भीतीदायक सीन म्यूट करून बघायचा. मी मुळात भित्री, त्यात घरी एकटी. आवाज बंद केला तर घरातलंच सगळं ऐकू यायला लागलं. फ्रीजच्या आइसमेकरमध्ये बर्फ खळकन पडला आणि मी जी किंचाळले! तेही लिहिलं.

ऋचाचा शेरा: "साउंडचा विचार छान केलाय."

*

मग काकूंनी एका मालिकेवर लिहिलं, की थोरला भाऊ प्रत्येक सीनमध्ये हजर आहे. तो तर पहिल्याच भागात जातो. ऋचा खूश. "काय रीडिंग आहे यार! गेलेला माणूस घरभर वावरतोय."

काकू गोंधळल्या. "गेला? कधी गेला तो?"

आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

*

त्यानंतर क्लासला येताना काका गाडीतच काकूंची तयारी करून घ्यायला लागले. एका रविवारी ऋचाने विचारलं, "या सीनमध्ये काय दिसतं?" काकू पटकन म्हणाल्या, "निळा लाइट. म्हणजे ती बाई एकटी पडलीय."

बरोबर होतं. फक्त क्लिप अजून लावलीच नव्हती.

मी काकांना किचनमध्ये नेलं आणि म्हटलं, "काका, अपॉइंटमेंट घ्या आता."

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी माझी क्लिप लावू. इथेच काय ते कळेल."

*

काकांनी मुलाच्या बारशाचा जुना व्हिडिओ आणला. पडद्यावर हिरव्या साडीतल्या तरुण काकू, मांडीवर बाळ, शेजारी काका. काकांनी टीव्हीकडे बघितलंच नाही, ते काकूंकडे बघत बसले.

काकूंनी मन लावून सगळं बघितलं. "कॅमेरा हलतो फार," त्या म्हणाल्या. "पण या बाईचा नवरा बघा, बाळ सोडून हिच्याकडेच बघतोय. असा माणूस मिळायला नशीब लागतं."

"हो ना," काका कसंबसं म्हणाले.

काकू त्यांच्याकडे वळल्या, अगदी आपुलकीनं. "तुमच्या मिसेस नाही आल्या आज?"

"येईल," काका म्हणाले.