भट्टीतला बडग्या

आमच्या भट्टीला कुणी दारूचं दुकान म्हटलं की मला अजूनही राग येतो. कागदोपत्री ते सरकारमान्य देशी दारूचं दुकानच होतं, दारावर तशी पाटीही होती. पण दुकानात माणूस जातो, वस्तू घेतो आणि घरी येतो. भट्टीत आम्ही बसायला जायचो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पूर्व नागपुरात, नंदनवनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे, बुटक्या कौलारू छपराखाली ती उभी होती. मी तिथे काय करतो हे बायकोला पटवून देण्यात माझी निम्मी जवानी खर्ची पडली.

मी तेव्हा एका छापखान्यात खिळे जुळवायचो. दिवसभर उलटी अक्षरं वाचून डोळे शिणले की पावलं आपोआप तिकडे वळत. आत समोरासमोर दोन लांबच लांब बाक होते आणि मालकांचा एकच कायदा होता: वेगळं बसायचं नाही. जिथे फट दिसेल तिथे टेकायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं नाही. त्यामुळे माझ्या एका अंगाला हातमागावरचे कोष्टीकाका असत, तर दुसऱ्या अंगाला म्युनिसिपालटीतले मुकादम. मुकादमांच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर धम्म घेतलेला. त्यांच्या गावी त्यांच्या वडिलांना विहिरीवर चढू देत नसत, आणि इथे कोष्टीकाका त्यांच्याच पुड्यातले चणे न विचारता उचलत. मुकादमांना याचा काय आनंद होई तो ते बोलून दाखवत नसत, पण पुडा ते नेहमी मधोमध ठेवत.

दारातून आत शिरलं की उजव्या हाताला, भिंतीशी, मावशीची सिगडी होती. मावशी म्हणजे मालकांची कुणी नव्हे. नवरा गेल्यावर तिने मालकांना विचारून तो कोपरा धरला होता आणि त्या कोपऱ्यावरच तिचं घर चाललं होतं. उकडलेली अंडी, चणे, आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी तर्री हा तिचा माल. शिवाय तिचा एक अधिकार होता, तो कुणी दिला होता देव जाणे. एखाद्याला जास्त झाली असं तिला वाटलं की ती त्याला चकना देणं बंद करी. चकना बंद झाला की मालकही त्याची बाटली बंद करत. तिच्याशी हुज्जत घालून मीही दोनेकदा घरी गेलो आहे, आणि तिचंच बरोबर होतं.

मग मालकांचे जावई मुंबईहून आले. हॉटेलच्या धंद्यात होते, अंगात सफारी, बोटात किल्ल्यांचा जुडगा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला बसून राहणं माहीत नव्हतं. नव्या वसाहती झाल्या आहेत, स्कूटरवाले लोक आले आहेत, त्यांना असं खांद्याला खांदा लावून बसायला आवडत नाही, असं त्याने सासऱ्यांच्या गळी उतरवलं. आता बियर बार करायचा. प्लायवूडच्या केबिनी, प्रत्येकीला पडदा, आत लाल दिवा, आणि स्वतःचं स्वयंपाकघर. पहिल्या दोन केबिनी दाराच्या उजव्या हाताला, म्हणजे मावशीच्या डोक्यावरच येणार होत्या.

आम्ही मालकांना घेरलं. ते पाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जवाईबापूले नाई कसं म्हनू गा? पोरगी देली हाय." मावशीने कुणाला काही विचारलं नाही. तिने सिगडी उचलली आणि रस्त्यापलीकडे नालीच्या काठावर मांडली. श्रावण चालू होता. एक सर आली की सिगडी विझे, मावशी पदराखाली निखारे फुंकत बसे आणि आम्ही आत बसून ते बघत असू. मला तेव्हा दारू कडू लागायची, खरंच सांगतो.

पण आमच्या हातात एक गोष्ट होती. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या प्रचंड पुतळ्याची, मिरवणूक निघते. मोठ्या मारबतींच्या मागे वस्त्यावस्त्यांतून बडगे निघतात, म्हणजे कमट्या, तणस आणि कागदाचे बाहुले. त्या वर्षी लोकांना जे जे छळून गेलं त्याचा बडग्या करायचा, "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत गावाबाहेर न्यायचा आणि जाळायचा. आमच्या भट्टीचाही दरवर्षी एक बडग्या असे. एके वर्षी तो भेसळवाल्या तेल्याचा होता, एके वर्षी रॉकेलच्या रांगेचा. बांबू आणि गोणपाट मालक द्यायचे, बडग्या मागच्या अंगणात बनायचा, आणि तो कशाचा आहे हे मिरवणुकीच्या सकाळपर्यंत मालकांना सांगायचं नाही, ही रीत होती. तो तोवर गोणपाटाखाली झाकलेला असे.

त्या वर्षी काय करायचं यावर चर्चाच झाली नाही. केबिनचा बडग्या! माझ्या आयुष्यात मी इतक्या उत्साहाने कुठलंच काम केलेलं नाही. छापखान्यातून सुटलो की धावतच अंगणात. कोष्टीकाकांनी कमट्या अशा बांधल्या की गाठ शोधून सापडू नये. मुकादमांनी चार खांबांची खरीखुरी केबिन उभी केली, तिला लाल पडदे लावले, आणि आत पाय पसरून बसलेला एक ढेरपोट्या बाहुला ठेवला. त्याला सफारी शिवली. पाटी रंगवायचं काम माझ्याकडे होतं. दिवसभर चिमुकले खिळे जुळवणाऱ्या माणसाला हातभर उंचीची अक्षरं काढायला मिळाली, मी तर वेडाच झालो. आम्ही हसत होतो, एकमेकांच्या अंगाला कागद चिकटवायची खळ लावत होतो, आणि बडग्या रोज थोडा वाढत होता. मालकांनी दिलेल्या बांबूंनी आम्ही मालकांच्याच घरचा बडग्या बनवत होतो, याची गंमत काही औरच होती.

तिकडे पुढच्या बाजूला सुताराने सागवानी चौकटीवर पहिली केबिन ठोकली. पूर्वी हातगाडीवरून पेट्या पुढच्या दारातून थेट अंगणापर्यंत येत, एवढी वाट मोकळी होती. आता प्लायवूडची भिंत आली आणि वाटेची नुसती फट उरली. आम्ही रोज त्या फटीतून आडवे होऊन, पोट आत घेऊन, जावयाला शिव्या देत अंगणात जात होतो. आणि एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण आडवे होऊ, पण बडग्या आडवा होणार नाही.

करीच्या, म्हणजे मिरवणुकीच्या सकाळी आम्ही आंघोळ करून, कपाळाला गुलाल लावून जमलो. लांबून ताशे ऐकू येत होते. "उचला बे," मुकादम म्हणाले. उचलला, निघालो, आणि फटीशी येऊन थांबलो. आधी तिरका करून पाहिला. मग उभा केला. मग कोष्टीकाकांनी छपरावरून न्यायचं सुचवलं, तर दुसऱ्याने कौलं कोण भरून देईल ते विचारलं. अंगणाच्या बाकी तिन्ही बाजूंना लोकांच्या घरांच्या भिंती. ताशे जवळ येत होते.

आरडाओरड ऐकून मालक आणि जावई आले. ओढाताणीत गोणपाट निसटलं होतं. मालकांनी केबिन पाहिली, पडदे पाहिले, सफारी पाहिली, माझी अक्षरं वाचली: "पडदेवाल्या केबिनी घेऊन जा गे मारबत." त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. जावयाचा चेहरा मात्र लालबुंद झाला. पण तो धंद्यातला माणूस, रागातही त्याने उपाय काढला. बडग्या मधून कापा, दोन तुकडे बाहेर न्या आणि बाहेर जोडा, तो म्हणाला, आणि सुताराची करवत घेऊन पुढे आला.

"हात नोका लावू त्याले."

मावशी होती. रस्त्यापलीकडून येऊन दारात उभी राहिली होती, आत पाऊल न टाकता. ती जावयाशी बोललीच नाही, मालकांशी बोलली.

"भाऊ, साऱ्या वस्तीची ईडापीडा त्याच्यात भरली हाय. घरात कापसान तं घरातच सांडन. मंग मले म्हनू नोका."

मी असल्या गोष्टी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. पण त्या क्षणी तो बडग्या कापायला मला कुणी सांगितलं असतं तर मी करवत धरली नसती. मालक तर मानणारेच होते. त्यांनी बडग्याकडे पाहिलं, प्लायवूडकडे पाहिलं, आणि मग मान न वळवता जावयाला म्हणाले, "जवाईबापू, आता माया इलाज नाई."

असं म्हणताना त्यांचा आवाज इतका मोकळा होता की मला सगळं उमगलं. या माणसाला इतके दिवस नुसतं एक कारण हवं होतं. जावयाला नाही म्हणता येत नाही, पण ईडापीडेपुढे जावयाचंही काही चालत नाही. त्यांनी कोपऱ्यातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली आणि पहिला घाव स्वतः घातला. मग आम्ही कसले थांबतो! कोष्टीकाका, मुकादम, मी, सगळे तुटून पडलो. खिळे करकरत उपटले, फळ्या धडाधड पडल्या, आणि बडग्या दोन्ही बाजूंना हवा ठेवून ऐटीत दाराबाहेर निघाला.

मिरवणूक नेमकी नाक्यावर आली होती. आम्ही तीत शिरलो तेव्हा लोकांनी पाटी वाचली आणि एकच कल्ला झाला. मालक पुढचा बांबू खांद्यावर घेऊन सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. जावई थोडा वेळ मागे रेंगाळला. मग कुणीतरी त्याची आणि बाहुल्याची सफारी पाहून त्याला हात जोडले, आणि त्याला हसू फुटलं. तोही खांदा द्यायला आला. माझा घसा त्या दिवशी बसला तो पुढे आठवडाभर उघडला नाही, आणि छापखान्यात मी खुणांनी बोलत होतो.

गावाबाहेर बडग्या जाळून आम्ही घामाघूम होऊन परतलो. मावशी मिरवणुकीत आली नव्हती. ती दाराच्या उजव्या हाताला, भिंतीशी, सिगडी मांडून बसली होती. बाजूला केबिनीच्या चौकटीच्या फळ्यांची चवड होती, आणि एकेक फळी फोडून ती सिगडीत घालत होती. तर्रीला उकळी आली होती. ज्वाळा अशा उठल्या होत्या की आमच्यापैकी कुणालाच तिच्याजवळ जाववेना.

मालक मात्र जाऊन तिच्यासमोर उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, ते जमेना, म्हणून शेवटी म्हणाले, "मावशी, सागवान हाय ते. मस्त जळून रायलं."

मावशीने वर पाहिलं नाही.

"जळन नाई तं काय," ती म्हणाली. "ते काई पावसात नोहोतं."

मालक तिथेच खाली उकिडवे बसले, चवडीतली एक पातळ फळी उचलली, गुडघ्यावर मोडली आणि सिगडीत सरकवली.