तळघरात हवा बसवणारा

टीव्हीवरच्या लढाईच्या बातम्या पाहून मी खामगावच्या घराखाली आसऱ्याला तळघर बांधलं. शेजारी हसायचे, "धान्याचं पेव खंदून राह्यला का बे?" वर विषारी धूर पसरला तरी आत चांगली हवा यावी म्हणून हवा गाळायचं यंत्रही घेतलं. ते बसवायला मलकापूरहून एक माणूस आला. त्याचं नाव मी विचारलंच नाही.

बोलायचा कमी. पाइपाचा सांधा आधी तळहाताने चाचपायचा, मग तिथे उदबत्ती धरून धूर कुठे ओढला जातो ते बघत राहायचा.

"किती जन बसान आत?" त्याने विचारलं.

"आम्ही चौघं."

काम संपल्यावर तो म्हणाला, "आता मी आत बसतो. तुमी बाहेरून दार वाजवा. मी खोलनार नाही."

लोखंडी दार लागलं. मी थाप मारली, मग दोन्ही हातांनी बडवलं. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच दाराबाहेर मला घाम फुटला. "उघडा हो!" मी ओरडलो.

खूप वेळाने दार उघडलं. उदबत्ती अजून त्याच्या हातात जळत होती.

"हवा बराबर आहे," तो म्हणाला. "पन बाहेर राह्यलेल्याची थाप आत ऐकू येते. त्याले माह्यापाशी गाळनी नाही."

आता शेजाऱ्याने विरजणासाठी दार वाजवलं, तरी मी धावत जाऊन उघडतो.