सहाव्या प्रकरणाचा आवाज

टोकावड्याच्या वाचनालयाचे कारकून महिपत चौथ्यांदा मुरबाडला फोन लावत होते. समोर बाकावर रघूबाबा काठी टेकून बसले होते. डोळ्यांत फुले पडून दिसेनासे झाल्यापासून ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन किलोमीटर चालत येत आणि ध्वनिमुद्रित कादंबरी ऐकत. कादंबरीतली विहीर चौदा हात खोल गेली होती, खाली खडक लागला होता. तिथेच तीन आठवडे गाडी अडलेली.

"आज पन नाय ना? मग मी नाय येनार आता," रघूबाबा म्हणाले. "पाय दुकतात रे महिपत. मुक्या पडद्याचं तोंड बगायला कशाला येऊ? ते पन दिसत नाय."

देणगीतल्या जुन्या लॅपटॉपवर मुरबाडच्या दिपेशने लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली घालून दिली होती. उंदराने तार कुरतडल्यापासून लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर बंद होता. आवाज यायचा तो जोडलेल्या मोठ्या मॉनिटरमधून. तीन आठवड्यांपूर्वी, आवाजाला वेगळी तार असलेल्या जुन्याच्या जागी, चित्र आणि आवाज एकाच तारेने घेणारा नवा मॉनिटर आला, आणि तेव्हापासून चित्र दिसे, आवाज नसे. दिपेश परवा स्वतः येऊन गेला तेव्हा मॉनिटर झकास वाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुका.

"काका, आवाजाच्या सेटिंगमध्ये काय दिसतंय?" फोन लागला तसे दिपेशने विचारले.

"लॅपटॉपचाच स्पीकर. मॉनिटरचं नाव खाली आहे."

"मी तर मॉनिटर निवडून गेलो होतो. संध्याकाळी बंद करताना काय करता?"

महिपत जरा ताठ बसले. "सगळ्या पिना काढतो, तारा गुंडाळतो, कपाटात कुलूप. वीज पडून पहिला संगणक जळला, तेव्हापासून अकरा वर्षांत एक दिवस चुकलेलो नाही."

"आणि सकाळी?"

"आधी लॅपटॉप. तो नीट सुरू झाला की मॉनिटरची तार. मॉनिटर सर्वांत शेवटी."

फोनवर दिपेश हसू आवरत होता. "काका, लॅपटॉप उठतो तेव्हा त्याला मॉनिटर दिसतच नाय. मग आवाज तो सोताकडंच ठेवतो. आधी तार लावा, मॉनिटर चालू करा, मग लॅपटॉप. आणि संध्याकाळी भिंतीतला प्लग काढा, पण मधली तार राहू द्या हो."

ज्या शिस्तीचा दाखला देऊन महिपतांनी शिपायांना फैलावर घेतले होते, तीच नडली होती. त्यांनी सगळे बंद केले. तार लावली, मॉनिटर, मग लॅपटॉप. पडद्यावरची निळी रेघ सरकता सरकेना. त्यांचे गुडघे दुखत होते.

मग सहावे प्रकरण लावताच खडकावर पहार आपटल्याचा आवाज खोलीभर घुमला.

रघूबाबांनी काठी खाली ठेवली. "वाजला रे! पन मागचं इसरलो मी. सुरुवातीपासनं लाव."

"बाबा, सहा प्रकरणं आहेत."

"मग? मी कुटं चाललोय?"

पाच वाजता वाचनालय बंद व्हायचे. घड्याळात पावणेपाच झाले होते. महिपतांनी पहिले प्रकरण लावले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून पाय लांब केले.