सदर कोल्हा

मुलांसाठी लिहू पाहणाऱ्या नव्या लेखकांना मी मंचरला महिन्यातून एकदा शिकवते. शिकवते म्हणजे त्यांच्या गोष्टी खोडते. आमच्या भागातल्या प्रत्येक नवलेखकाच्या दुसऱ्या पानावर बिबट्या येतो. तो त्यांच्या घरामागच्याच उसातून येत असल्यामुळे त्याला अडवणंही अवघड. शेवटी मी सरसकट बिबट्याबंदी जाहीर केली, तर पुढच्या महिन्यात चार गोष्टींत तरस आला.

यातले एक गृहस्थ पारगावकडचे, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. त्यांच्या गोष्टीत बिबट्या नव्हता म्हणून मी खूश झाले, तर पहिलंच वाक्य निघालं, ‘सदर कोल्हा सकाळी आठ वाजता उसाची ट्रॉली घेऊन काट्यावर हजर झाला.’ त्यापुढे दोन पानं नुसती रांग. कोल्ह्याच्या पुढे कोण, मागे कोण, ट्रॅक्टरखाली पोतं अंथरून कोण झोपलंय. मी कपाळाला हात लावला.

“मॅडम, माझी पोरगी तिसरीला हाये,” ते म्हणाले. “हंगामात मी घरी नसतोच. रविवारी जवळ बसवली तर दोन मिन्टांत मोबाईल मागती. तिनं माझी एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी, येवढंच बघा.”

इतकी साधी मागणी माझ्याकडे आजवर कुणी केली नव्हती. बाकीच्यांना पुरस्कार हवे असतात. मी पदर खोचला. रांग उडवली, काटा उडवला, कोल्ह्याला ट्रॉलीतून उतरवून झऱ्याकाठी नेलं आणि एका फुलपाखराशी त्याची मैत्री लावून दिली. सहा वेळा गोष्ट पुन्हा लिहायला लावली. त्यांनी एकदाही हूं की चूं केलं नाही. साहेबाने परत पाठवलेला कागद दुरुस्त करून आणावा, तशी ते दर महिन्याला ती आणून द्यायचे.

सातव्या महिन्यात त्यांनी मला रविवारी दुपारी घरी बोलावलं. चहा झाला, मुलगी समोर बसली, त्यांनी घसा खाकरून वाचायला घेतलं. झऱ्यापर्यंत ती गप्प होती. फुलपाखरू आलं तशी ती म्हणाली, “पप्पा, हे तुमी नाय लिवलं.”

“मीच लिवलंय की. मॅडमनी जरा नीट केलं.”

“मग कोल्हा रांगेतून कुठं गेला? त्याचा नंबर आलता ना?”

तिने उठून दप्तरातून एक वही काढली. ती वडिलांची पहिली, कच्ची वही होती. शाळेत डबा खाताना ती मैत्रिणींना वाचून दाखवायची, आणि बापाला याचा पत्ताच नव्हता. त्यात कोल्ह्याने वजन वाढावं म्हणून उसाखाली रानडुक्कर लपवलं होतं, आणि नेमकं काट्यावर आल्यावर डुक्कर आतून कडाकडा ऊस खायला लागलं. तिथेच वहीत माझ्या अक्षरात शेरा होता, ‘इथून पुढे लिहू नये.’

“हे कोन म्हन्लं?” तिने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी,” मी म्हणाले.

“का?”

लेखनावर मी तासन्‌तास बोलू शकते. मी कप उचलला, तर तो रिकामा होता.

तिने माझा नाद सोडला आणि वडिलांना विचारलं, “मग डुकराचं काय झालं?”

सवयीने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिकाम्या कपात डोकं घातलं. ते चुळबुळले आणि म्हणाले, “तर सदर डुकराने...”

मुलगी त्यांच्या मांडीला खेटून बसली. वाक्यागणिक ‘सदर’ येत होतं, दोन ट्रॅक्टर नव्याने रांगेत घुसले होते, कुणीतरी पंक्चर काढत बसलं होतं. बाहेर माझी मंचरची एसटी थांबली आणि निघूनही गेली. मला उठायला हवं होतं, पण डुक्कर अजून ट्रॉलीतच होतं.