सरळ ठेवलेली नाव

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी पहाटे माझे धाकटे काका जाळं काढायला धरणात गेले आणि परत आले नाहीत. धुकं होतं. दुपारी त्यांची नाव एका वठलेल्या बाभळीला टेकलेली सापडली. नाव सरळ होती. जाळं आत घडी करून ठेवलेलं आणि कोरडं होतं. वल्हं नव्हतं. पाण्यात गळ टाकून शोधलं, पलीकडच्या काठाची माणसंही आली. काका सापडले नाहीत.

धरण पैनगंगेवरचं, कळमनुरी तालुक्यातलं. वस्ती आम्हा भोयांची. जुनं गाव पाण्यात गेलं तेव्हा वडील लहान होते. आताची घरं वर माळावर आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचं जोतं, पार, रस्ता असं एकेक उघडं पडतं.

होळी झाली की काठावरच्या सगळ्या नावा ओढून पालथ्या घालतात. आठवडाभर ऊन देतात. मग फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस उकरून काढायचा, नवा कापूस डांबरात भिजवून ठोकून बसवायचा आणि वरून बुडाला डांबर फासायचं. डांबराचा पहिला हात नावेच्या मालकाचा. पावसाळ्याआधी डांबर बसलं नाही तर ती नाव पुढच्या हंगामाला पाण्यात घालता येत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. पाण्यानं माणूस परत दिला नाही, तर त्याची नाव घरच्यांनी सांगितल्याशिवाय कुणी पालथी घालत नाही. पालथी घातली म्हणजे माणूस गेला असं धरतात.

होळीनंतर काठावर एकच नाव सरळ राहिली. काकूनं ती पालथी घालू दिली नाही.

भासऱ्यांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, काकू थेट बोलत नाही. दोघं समोरासमोर असले तरी बोलणं माझ्या आईमार्फत होतं. आईला ती अक्का म्हणते. त्या दिवशीही तसंच झालं.

"तिला म्हणावं, ऊन तापून राहिलं. फळ्या फाकतील," वडील म्हणाले.

"अक्का, त्यांना म्हणा, वल्हं ह्यांच्यापाशी हाय. वल्हं घेऊन आले तर बसतील कशात?"

"दोन पोरी हायेत म्हणावं. नाव गेली तर खातील काय?"

"नाव जाऊ द्यायची न्हाई मला. म्हणूनच तर."

दुसऱ्या दिवसापासून काकू नावेत पाणी ओतू लागली. लाकूड ओलं राहिलं की फुगून राहतं आणि सांधे उघडत नाहीत, एवढं काठावर सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण पाण्यानं बूड कुजतं, हेही ठाऊक असतं. ती सकाळी घागरी आणायची, ऊन उतरल्यावर पुन्हा आणायची. शेजारची म्हातारी तिला ऐकू जाईल असं म्हणायची, "लोकं नाव पाण्यात घालतात. हिनं पाणी नावेत घातलं." काकू हसायची आणि घागर उचलायची.

चैत्रात पाणी बरंच मागं गेलं. काकूची पाणी आणायची वाट जुन्या गावातून जाऊ लागली. आई तिच्यासोबत जायची, कारण काकूला एकटं पाठवायचं नाही असं घरात ठरलं होतं. एके दिवशी आईनं पाहिलं की उघड्या चिखलातून सरळ जाता येत असताना काकू वळसा घेऊन गेली. येतानाही तोच वळसा.

"काहून फिरून गेलीस गं? डोक्यावर घागर अन् एवढा फेरा?"

"घरातून कशी जाऊ, अक्का? माणसं जेवून राहिलीत."

तिथं भिंत नव्हती, दगडही नव्हते. आईनं घरी आल्यावर वडिलांना जागा सांगितली. वडील म्हणाले की तिथं त्यांच्या चुलत्यांचं घर होतं. जेवणाची पंगत पडवीत बसायची. काकू या घरात लग्न करून आली ती गाव बुडाल्यानंतर कितीतरी वर्षांनी. तिनं ते घर पाहिलेलं नव्हतं. तिला कुणी सांगितलं होतं का, हे वडिलांनी विचारलं नाही. मीही नाही.

वैशाख लागल्यावर जुन्या गावचा आड उघडा पडला. वडील पाहायला गेले. आडात गाळ होता आणि गाळात एक वल्हं उभं रुतलेलं होतं. मुठीजवळ काकांनी कोयत्यानं केलेल्या खाचा होत्या. वडिलांनी वल्हं ओढून काढलं. दोघा-तिघांनी आडात उतरून गाळ उपसला. आणखी काही मिळालं नाही. नाव सापडली ती बाभळ तिथून बरीच लांब आहे.

काकूनं वल्हं धुतलं, पदरानं पुसलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. बराच वेळ ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

"वल्हं माघारी धाडलं ह्यांनी," ती आईला म्हणाली. "त्यांना सांगा, उद्या घाला पालथी."

त्या संध्याकाळी तिनं पाणी आणलं नाही. नावेत आधीचं पाणी होतं, निम्म्याच्या वर. रात्री वावधान सुटलं, पत्रे वाजत राहिले. काकू आणि तिच्या पोरी आमच्या घरी झोपल्या. मीही घरीच होतो.

सकाळी वडील शेजारच्या तिघांना घेऊन काठावर गेले. पाणी उपसायला बादल्या घेतल्या होत्या. मागून मी आणि आई गेलो, आमच्या मागं काकू.

नाव पालथी होती. भोवतालची माती ओली होती.

"कोण आलतं रे पहाटे?" वडिलांनी विचारलं.

"कोणी न्हाई, दादा. आमी तर तुमच्यासंगच आलो."

"वाऱ्यानं झालं असंल," दुसरा म्हणाला. वडिलांनी नंतर वस्तीतल्या प्रत्येक घरी विचारलं. कुणीही हो म्हणालं नाही.

काकू नावेला फेरी घालून आली. बूड हातानं दाबून पाहिलं. एक फळी मऊ झाली होती, बाकीच्या शाबूत होत्या.

आठवडाभर ऊन दिलं. मऊ फळी बदलली. मग वडिलांनी चुलीवर डांबर ठेवलं आणि ते पातळ झाल्यावर फडक्याचा बोळा बांधलेली काठी आईच्या हातात दिली. आईनं ती काकूला दिली.

पहिला हात काकूनं मारला.