बोहल्याजवळची दोन झाडं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट माहीत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी धुळ्यात लग्नाच्या सजावटीची कामं घेते. मोठी नाहीत हो. ज्यांना खऱ्या फुलांची कमान झेपत नाही, पण फोटोत मांडव भरलेला दिसायला हवा असतो, अशांची. माझी खासियत म्हणजे झाडं. कुंडीत प्लास्टर ओतून पाइप उभा करायचा, वर थर्मोकोलचा भलामोठा गोळा बसवायचा आणि त्यावर कापडी गुलाब इतके दाट चिकटवायचे, की पांढरं कुठे दिसता कामा नये. लांबून खरं वाटतं. जवळ जाऊन बघायला लग्नात सवड कुणाला असते?

गुलाब चिकटवायला सुनंदाअक्का यायची. मूळची साक्रीकडची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, आमच्याच गल्लीत राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला. तिच्यासारखा हात मी पाहिला नाही — एक पाकळी मुडपायची नाही. पण तयार झाड मांडवात ठेवायला ती कधी आली नाही. का, ते आम्ही दोघी कधी बोललो नाही. बोलायची गरज तरी होती का?

मग तिच्या एकुलत्या एका मुलीचं, रूपालीचं, लग्न ठरलं. मुलगा जळगावचा. अक्का म्हणाली, बोहल्याजवळची दोन झाडं मी करणार आणि माझ्या हातांनी नेऊन ठेवणार. आयुष्यात पहिल्यांदा तिनं असं काही म्हटलं होतं. मी म्हटलं, खुशाल ठेव, आता कोण मानतं हे? — मोठी शहाणी मी.

उगाच इकडेतिकडे फिरते आहे, कळतंय मलाही. तर सांगते.

गोळा पाइपावर बसवणं हे माझं काम होतं. अक्काचं नव्हे. आणि आमच्याकडे वैशाखात नुसत्या गोंदाच्या भरवशावर गोळा ठेवायचा नसतो. ऊन लागलं की ग्लू गनचा गोंद मेणासारखा मऊ पडतो. म्हणून गोळ्यातून आरपार तार घालायची आणि ती पाइपाच्या भोकातून पिळून घ्यायची. खानदेशात हे काम करणारी कुणीही बाई सांगेल. त्या दिवशी तार संपली होती. दुकान दोन गल्ल्या पलीकडे. मी खिडकीतून ऊन पाहिलं आणि — गेले नाही. कंटाळा आला. बस्स, एवढंच. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम असतं तर गेले असते, हेही सांगून टाकते. आपल्या अक्काचंच आहे, चालून जाईल, असं वाटलं.

मुहूर्त दुपारचा होता. त्या बाजूला मांडवाचं कापड आखूड पडलं होतं, एका झाडावर सकाळपासून ऊन येत होतं. तेही मी पाहिलं होतं. मंगलाष्टकं चालू असताना गोळा सटकला आणि रूपालीच्या खांद्याला लागून खाली पडला. इजा कुणालाच नाही. पण नवऱ्या मुलाच्या आत्यानं मोठ्यानं विचारलं, हे झाड ठेवलं कुणी? कुणीतरी अक्काकडे बोट दाखवलं. मग सुरू झालं — विधवा बाईनं बोहल्याशी हात लावायचाच कशाला, पोरीच्या संसाराचा तरी विचार करायचा.

मी चार पावलांवर उभी होते. गोळा मीच उचलला. खालच्या भोकाशी गोंदाचा लगदा झाला होता, अजून गरम. एक वाक्य बोलायचं होतं — तार घालायची ती मी घातली नाही. किती वेळ लागला असता? पण समोर एवढे पाहुणे, त्यांतल्या तिघांनी माझा नंबर मागून घेतलेला. मी गोळा पोत्यात घातला आणि पोत्याचं तोंड बांधलं.

पाठवणी झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. सांगायलाच बसले होते, खरं सांगते. तर तीच माझी समजूत घालायला लागली.

‘‘तुना काय दोस नही, माय. मना हातच तसा शे.’’

मी तिला पाणी आणून दिलं.

त्यानंतर तिनं फुलांना हात लावला नाही. रूपालीला मुलगी झाली, तेव्हा बारशाचा पाळणा मी सजवला. पाळण्याला माळ बांधायला रूपालीनं आईला हाक मारली. अक्का दाराशीच उभी होती. तिनं ती माळ माझ्या हातात दिली, म्हणाली, तू बांध, तुझा हात चांगला आहे. मी बांधली. सगळ्यांदेखत, नीट गाठ मारून बांधली. मला तेव्हा स्वतःची किळस आली होती, पण किळस येऊन काय होतं?

अक्का मागच्या हिवाळ्यात गेली. तेराव्यानंतर रूपाली माझ्याकडे आली, बराच वेळ बसली. आईनं नातीला कधी मांडीवर घेतलं नाही, काजळाचं बोटसुद्धा लावलं नाही, म्हणाली. त्या दिवशी मांडवात आपण आईची बाजू घेतली नाही, म्हणून आई आपल्यावर रागावली होती का, असं मला विचारत होती. खोलीत आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, ‘‘असतो गं एकेकाचा स्वभाव.’’