जर्मन शिपायाचं पान

आमच्या सिंगापुरातल्या, क्लेमेंटीच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही भाड्याने देतो. सध्या तिथे बेल्जियमचा एक संशोधक राहतो. केस पिकलेत, तरी रोज न चुकता आईला व्हिडिओ कॉल करतो. आमच्या दुपारी तिकडे सकाळ असते. त्याची आई माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. ती बोलते, तो मला सोप्या इंग्रजीत सांगतो, आणि माझी शाळेतली नात इथल्या ढंगात मधूनच टोकते, "आजी, स्लोली बोल लाह!"

एका दुपारी ताईंनी युद्धातलं सांगितलं. त्या लहान असताना त्यांच्या घरात जर्मन शिपाई ठेवले होते. विचारून नव्हे, किती जण राहणार ते नुसतं दारावर खडूने लिहून गेले. चांगल्या खोल्या त्यांना दिल्या आणि घरचे सगळे माळ्यावर गेले. शत्रूच तो, पण त्यालाही रोजचं जगणं असतंच ना! चुलीपाशी बसून मोजे शिवायचे, बटाटे सोलायचे, घरून टपाल आलं नाही की कुणाशी बोलायचे नाहीत. त्यातला एक जण शनिवारी आपल्या बुटांना पॉलिश करायचा, तेव्हा ताईंच्या वडिलांचेही बूट घासून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी त्याचे आभारही मानले नाहीत.

एका सकाळी वडिलांना जर्मनीत कामाला न्यायला माणसं आली. त्यांच्याबरोबर हा बूट घासणाराही होता. त्याने वडिलांचा कोट खुंटीवरून काढून हातात दिला, मान काही वर केली नाही. वडील ते चकचकीत बूट घालून गेले आणि परत आले नाहीत. तो शिपाईही पुढे आघाडीवर मेला, असं कानावर आलं. ताईंच्या आईने त्यानंतर घरात बूटपॉलिश येऊ दिलं नाही.

"मला तो अजून आठवतो," ताई म्हणाल्या. "पण चर्चमध्ये त्याच्या नावाने मेणबत्ती लावली तर वडिलांशी बेइमानी होईल. जाण्याआधी याचं काय करायचं ते ठरवायचंय मला."

त्यांचा मुलगा सांगता सांगता थांबला. त्याने हे कधी ऐकलंच नव्हतं.

मी आमच्याकडचं तेवढं सांगितलं. सर्वपित्रीला आम्ही आपल्या माणसांची पानं वाढतो, आणि ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठीही एक वाढतो. ताई म्हणाल्या, "या वेळी त्या दोघांचंही वाढशील?"

वाढलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. बाहेर ठेवायची सोय नाही, इथे पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो. म्हणून स्वयंपाकघरातच, खिडकीखालच्या ओट्यावर केळीची पानं मांडली. आमच्या ह्यांचं, सासू-सासऱ्यांचं, मग ताईंच्या वडिलांचं, आणि त्याला लागून शिपायाचं. माझ्या मनात काही आलंच नाही हो! आमच्यात पंगत म्हणजे पानाला पान लागूनच. कौतुकाने त्यांच्या मुलाचा फोन वर धरून मी दाखवलं.

ताईंचा चेहराच बदलला. त्या काहीतरी तुटक बोलल्या.

"आंटी," मुलगा हळूच म्हणाला, "तिच्या वडिलांशेजारी नको, म्हणते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिपायाचं पान उचलून सिंकच्या पलीकडे ठेवलं.

"अजून लांब, म्हणते."

आता लांब म्हणजे कुठे? एवढंसं स्वयंपाकघर. कोपऱ्यातल्या वॉशिंग मशीनवरचे कपडे काढले, ते पुसलं आणि पान तिथे ठेवलं. "ताई, उचलूनच टाकू का?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि पडद्याच्या अगदी जवळ येऊन बघितलं.

"नको," त्या म्हणाल्या. "जेवू दे त्याला. पण एकट्याला जेवू दे."

एवढं मला सांगून त्यांचा मुलगा आपल्या खोलीत निघून गेला. मी फोन धरून उभी. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी ताई काही फोन ठेवेनात, आणि मीही ठेवला नाही.